विमान-भूवाहन टक्कर

विमानतळाच्या आवारात जमिनीवरून चालत असलेले विमान व तेथील सेवेतील मोटारवाहन यांच्यात होणारी टक्कर. थांब्यापासून धावपट्टीपर्यंत आणि धावपट्टीपासून थांब्यापर्यंत विमान स्वतःच्या इंजिनांच्या शक्तीने सावकाश चालत जाते. या हालचालीस टॅक्सी करणे असे म्हणतात. या वाटेवर होणाऱ्या टकरी हा प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय आहे. ओढगाडीने ढकलले वा ओढले जाणारे विमान, थांब्यावर उभे असलेले विमान आणि धावपट्टीवर वेगात असलेले विमान यांना वाहनाची धडक बसण्याचे प्रकारही याच्याशी निगडित असल्याने त्यांचाही येथे विचार केला आहे. दोन विमानांची जमिनीवरील टक्कर (उदा., टेनेरीफ, २७ मार्च १९७७, मृत ५८३) हा मात्र निराळा विषय होय.

विमानतळावरील ज्या भागात विमानांची ये-जा चालते, त्याचे दोन विभाग पडतात. पहिल्यात धावपट्ट्या व त्यांना जोडणारे टॅक्सी मार्ग येतात. येथील प्रत्येक हालचाल, मग ती विमानाची असो वा वाहनाची, नियंत्रण मनोऱ्याच्या परवानगीने होते व येथे जाणाऱ्या वाहनात रेडिओ संच असावा लागतो. दुसरा विभाग म्हणजे ॲप्रन; विमाने उभी करणे, प्रवाशांची चढउतार, सामान व इंधन भरणे ही कामे येथे चालतात. ॲप्रनवरील बहुसंख्य चालकांशी मनोऱ्याचा संवाद नसतो. जमिनीवर रंगविलेल्या रेषा, फलक आणि स्वतःचे डोळे यांच्या आधारावर त्यांना गाडी हाकावी लागते. ॲप्रनवरील वाहनमार्ग अनेक ठिकाणी टॅक्सी मार्गांना छेदून जातात आणि हे छेद म्हणजेच टकरींची नेहमीची ठिकाणे होत.

मध्यम आकाराचे जेट विमान उतरून पुन्हा निघेपर्यंत त्याच्याभोवती ओढगाडी, सामानाच्या गाड्यांची माळ, पट्टावाहक, शिडीगाडी, इंधनाचा टँकर, खाद्यपेयांची उचलगाडी, पाण्याची व मैल्याची गाडी, वीजपुरवठ्याचे जनित्र, प्रवाशांची बस अशी दहा-बारा वाहने गोळा होतात. हे सर्व अनेकदा पाऊण तासाच्या आत उरकावयाचे असते. १९७० मध्ये बोइंग ७४७ सेवेत आल्यानंतर विमाने मोठी झाली व त्यांच्याभोवतीची वाहनेही वाढली. परंतु पुष्कळ जुन्या विमानतळांवरील ॲप्रनची रुंदी त्या मानाने वाढू शकली नाही.

जमिनीवरील विमान : हवेत चपळ असणारे विमान जमिनीवर अत्यंत अवघडलेले असते. वैमानिकाचे आसन नाकाजवळ व बरेच उंच असते. त्यामुळे नाकाखालचा व लगतच्या पुढचा काही भाग त्याला मुळीच दिसत नाही. पाठीमागचे तर काहीच दिसत नाही. अनेक मोठ्या विमानांत पंखांची टोकेही वैमानिक कक्षातून सहज दिसत नाहीत. या कारणास्तव अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये बोइंग ७४७, ७७७, एअरबस ए-३८० यांसारख्या विमानांच्या बाह्यांगावर कॅमेऱ्यासारखी साधने बसविण्याची शिफारस केली होती. वळणावर अडचण आणखी वाढते. मागे कललेल्या पंखाचे टोक वळताना सरळ रेषेतील मार्गापेक्षा बाहेर फेकले जाते. त्यामुळे सरळ जाताना जी गाडी सुरक्षित अंतरावर आहे असे वाटते, तिला वळताना पंख लागू शकतो.

विमानाचा वेग सरळ टॅक्सी मार्गावर सर्वसाधारणपणे २० ते ३० नॉट व वळणावर सु. १० नॉट असतो. हे वेग मोटारीच्या मानाने किरकोळ वाटतात, पण वस्तुमान विसरून चालत नाही. ७९ टन वजनाचे विमान २० नॉट म्हणजे ताशी सु. ३७ किमी. वेगाने चालले असता त्याची गतिज ऊर्जा ताशी सु. १०४ किमी. वेगाने धावणाऱ्या १० टनी मालमोटारीइतकी भरते. उलट विमानाचे अंग मात्र मालमोटारीसारखे दणकट नसते. धडाचा ॲल्युमिनियमचा पत्रा बहुतेक ठिकाणी एक ते दोन मिमी. जाडीचा असतो व पंखांत हजारो लिटर इंधन साठविलेले असते.

चालकाने विमानास वाट द्यावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. संकटात सापडलेल्या विमानाच्या मदतीस धावणारी वाहने इतर सर्व भूवाहतुकीच्या आधी जातात. एरवी उड्डाण करणारे, उतरणारे, टॅक्सी करणारे वा ओढले जाणारे विमान हे प्रत्येक वाहनापेक्षा श्रेष्ठ मानले जाते. या नियमाकडे विमानाचा मान म्हणून पाहण्याचा प्रघात आहे, पण त्याचे खरे कारण वेगळे आहे. ज्याला दिसत नाही, थांबता येत नाही आणि बाजूला वळताही येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने थांबावे एवढाच त्याचा अर्थ आहे. परिणामी टक्कर टाळण्याचा बहुतेक भार विमानतळावरील तुलनेने कमी वेतनाच्या कामगारावर, म्हणजे गाडीच्या चालकावर पडतो.

चालकाची अडचण : विमानासारखी प्रचंड वस्तू चालकास दिसली नाही, हे चौकशीत प्रथम अविश्वसनीय वाटते. यामागे एक साधा भौमितिक नियम आहे. दोन वस्तू स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे येत असतील, तर एकीवरून पाहता दुसरीची दिशा बदलत नाही. ती बाजूला सरकत नाही, नुसती मोठी होत जाते. मानवी डोळा सरकणाऱ्या वस्तूस चटकन टिपतो; न सरकणारी वस्तू त्याच्या लक्षात उशिरा येते. त्यातच ती गाडीच्या खिडकीच्या खांबाआड गेली, तर टकरीच्या क्षणापर्यंत आडच राहू शकते. रात्री ॲप्रनवरील उंच दिव्यांचा झोत व ओल्या जमिनीवरील त्याचे प्रतिबिंब यांत विमानाचे दिशादर्शक दिवे हरवून जातात.

कॅनडातील टोराँटो येथे १० मे २०१९ रोजी पहाटेच्या अंधारात व पावसात घडलेली टक्कर याचे उत्तम उदाहरण होय. धुक्यामुळे गंतव्य स्थानी न उतरता परत आलेले डॅश-८ जातीचे विमान थांब्याकडे टॅक्सी करीत असताना इंधनाच्या टँकरने त्यास धडक दिली. विमान जागच्या जागी फिरले आणि पंधरा जण किरकोळ जखमी झाले. टँकरच्या चालककक्षाजवळच इंधन भरणाऱ्या कामगारास उभे राहण्यासाठी वर-खाली होणारा मंच बसविलेला होता. त्याच्या सांगाड्यामुळे चालकाच्या दृष्टिक्षेत्रात अडथळा येत होता. थोडक्यात, इंधन भरण्याच्या सोयीसाठी केलेली रचना गाडी चालविण्याच्या आड आली.

थकवा हे दुसरे मोठे कारण. कोलकाता येथे २२ डिसेंबर २०१५ रोजी पहाटे प्रवाशांची एक बस उभ्या असलेल्या एटीआर विमानावर जाऊन आदळली. चालकास डुलकी लागल्याचे प्राथमिक चौकशीत पुढे आले. दिल्ली येथे २ ऑगस्ट २०२२ रोजी एक मोटार एअरबस ए-३२० निओ विमानाच्या नाकाखाली जाऊन पुढच्या चाकाच्या अगदी जवळ थांबली. चालकाने मद्यपान केले नसल्याचे तपासणीत आढळले. विमानतळ चोवीस तास चालतो व भूसेवेची कामे बहुधा कंत्राटी कंपन्यांकडे असतात. रात्रपाळ्यांची आखणी हा त्यामुळे केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

ओढगाडीने विमान हलविताना वैमानिक, ओढगाडीचा चालक व जमिनीवरील तंत्रज्ञ यांच्यातील खुणा व शब्द यांवर सर्व भिस्त असते. मुंबई येथे १६ डिसेंबर २०१५ रोजी विमान थांब्यावरून मागे ढकलले जात असताना संकेताचा चुकीचा अर्थ लावला गेला, विमान पुढे निघाले आणि जमिनीवरील एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. ही वाहनाची टक्कर नव्हे. पण वाहनांच्या टकरींना कारण होणारा गैरसमज आणि हा गैरसमज एकाच जातीचे आहेत. लॉस अँजेल्स येथे १० फेब्रुवारी २०२३ रोजी ओढून नेल्या जाणाऱ्या ए-३२१ विमानाची व प्रवासी बसची टक्कर होऊन पाच जण जखमी झाले होते.

धावपट्टीवरील टकरी : ॲप्रनवरील टकरींत बहुधा धातू वाकतो, धावपट्टीवरील टकरींत माणसे मरतात. उड्डाणासाठी वा उतरण्यासाठी राखलेल्या क्षेत्रात विमान, वाहन वा व्यक्ती यांची अनुचित उपस्थिती म्हणजे धावपट्टीवरील अतिक्रमण, अशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची व्याख्या आहे.

या प्रकारातील सर्वांत भीषण अपघात सायबीरियातील ओम्स्क येथे ११ ऑक्टोबर १९८४ रोजी पहाटे घडला. पाऊस पडत होता व ढग खाली आले होते. जेट इंजिनाच्या उष्ण झोताने धावपट्टी वाळविणारी वाहने भू-नियंत्रकाच्या परवानगीने धावपट्टीवर गेली होती. परवानगी दिल्यानंतर ‘धावपट्टी व्यापलेली आहे’ असे दर्शविणारा दिवा लावणे हे त्याचे काम होते. त्याने तो लावला नाही आणि त्याला झोप लागली. वाहनांवरील चमकदिवेही बंद होते. उतरण्याची परवानगी देणाऱ्या सहकाऱ्यासमोरच्या पटलावर धावपट्टी मोकळी दिसत होती. त्यामुळे क्रॅस्नोदारहून आलेले तू-१५४ विमान उतरले आणि इंधनाने भरलेल्या वाहनांवर आदळले. विमानातील १७४ व वाहनांतील ४ अशा १७८ व्यक्ती मरण पावल्या. सोव्हिएट शासनाने या अपघाताची माहिती दीर्घकाळ जाहीर होऊ दिली नाही. नियंत्रकाची झोप हेच याचे कारण म्हणून सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले, तरी अपुरे आहे. एक माणूस झोपला की त्याच्या जागी दुसरी कोणतीही गोष्ट जागी नसावी, ही त्या व्यवस्थेची उणीव होती. लावावयाचा दिवा आणि चमकणारे दिवे हे दोन्ही उपाय माणसाच्या आठवणीवर सोडलेले होते व दोन्ही एकाच पहाटे निकामी ठरले.

मॉस्कोच्या व्नुकोवो विमानतळावर २० ऑक्टोबर २०१४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास धुक्यात बर्फ हटविणाऱ्या यंत्राचा चालक आपल्या ताफ्यापासून वाट चुकून धावपट्टीवर आला. उड्डाणाच्या वेगात असलेले फाल्कन ५० विमान त्यावर आदळले व फ्रान्समधील तोताल या तेल कंपनीचे प्रमुख क्रिस्तोफ द मार्जेरी आणि विमानाचे तीन कर्मचारी ठार झाले. पेरूमधील लिमा येथे १८ नोव्हेंबर २०२२ रोजी घडलेली घटना वेगळ्या अर्थाने उद्बोधक आहे. आपत्तीच्या वेळी बंब किती सेकंदांत पोहोचतात याचा सराव त्या दुपारी चालू होता. सरावास मिळालेली परवानगी धावपट्टीवर जाण्याचीही आहे, अशा समजुतीने बंब धावपट्टीवर शिरले आणि त्याच वेळी उड्डाणासाठी धावणाऱ्या ए-३२० निओ विमानाची पुढच्या बंबास धडक बसली. अग्निशमन दलाचे दोन जवान तेथे मृत्यू पावले. विमानातील सर्व प्रवासी वाचले. ज्यांचे काम वाचविण्याचे, तेच घड्याळाशी स्पर्धा करताना बळी पडले. परवानगीचे शब्द ठरावीक साच्यातले असावेत व ऐकणाऱ्याने ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवावेत, हा नियम अशा प्रसंगांसाठीच आहे.

पुणे येथील लोहगाव विमानतळ हा भारतीय वायुसेनेचा तळ असून नागरी विमानेही तेथील धावपट्टी वापरतात. १५ फेब्रुवारी २०२० रोजी दिल्लीस निघालेल्या ए-३२१ विमानाच्या वैमानिकांना उड्डाणाच्या धावेत धावपट्टीवर एक जीप व एक माणूस दिसला. थांबण्यास अवसर नसल्याने त्यांनी नेहमीपेक्षा लवकर विमान उचलले. विमान सुखरूप दिल्लीस पोहोचले. परंतु उचलताना त्याच्या शेपटीकडील धडाचा भाग धावपट्टीस घासून गेल्याच्या खुणा आढळल्या. याच विमानतळावर १६ मे २०२४ रोजी दिल्लीला जाणारे विमान टॅक्सी करीत धावपट्टीकडे निघाले असता एका ओढगाडीशी त्याची टक्कर झाली. विमानात सु. १८० प्रवासी होते. कोणासही इजा झाली नाही, मात्र विमानाच्या नाकाची व चाकाजवळील भागाची हानी झाली.

गणना व लपलेले नुकसान : अशा टकरी जगात वर्षाला किती होतात याचा नेमका आकडा काढणे कठीण असते, कारण ‘अपघात’ या संज्ञेची आंतरराष्ट्रीय व्याख्या उड्डाणाच्या उद्देशाने पहिली व्यक्ती विमानात चढल्यापासून सर्व व्यक्ती उतरेपर्यंतच्या काळापुरती मर्यादित आहे. रात्री रिकाम्या उभ्या विमानास गाडीने भोक पाडले, तरी तो या व्याख्येत बसत नाही. उड्डाण सुरक्षा प्रतिष्ठान या संस्थेने ॲप्रनवरील लहानमोठ्या घटनांचा अंदाज वर्षाला सु. २७,००० म्हणजे दर हजार उड्डाणांमागे एक असा केला होता. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जमिनीवरील हानीचा जागतिक खर्च २०१९ मध्ये सु. ५ अब्ज डॉलर होता व उपाय न केल्यास २०३५ पर्यंत तो दुप्पट होईल. हे अंदाज आहेत, मोजणी नव्हे.

खर्चापेक्षा गंभीर बाब म्हणजे न सांगितलेली धडक. अमेरिकेतील सिॲटल येथे २६ डिसेंबर २००५ रोजी सामान चढविणाऱ्या वाहनाचा धक्का एमडी-८३ विमानाच्या धडास लागला. कामगाराने त्याची वर्दी दिली नाही. विमान उडाले आणि सु. २६,००० फूट उंचीवर केबिनमधील हवेच्या दाबाने तो कमकुवत झालेला पत्रा फाटून सु. ३० सेंमी. लांबीचे भोक पडले. दाब एकदम घटला, प्राणवायूचे मुखवटे खाली आले व वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणून सिॲटलला परत उतरविले. कोणी जखमी झाले नाही, हे सुदैव. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० यांसारख्या कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्यांनी बनविलेल्या विमानांच्या बाबतीत हा धोका अधिक सूक्ष्म आहे. धातूचा पत्रा चेपतो व चेपलेला दिसतो. संमिश्र द्रव्याचा पृष्ठभाग मात्र जवळजवळ पूर्ववत होऊन आतील थर सुटलेले असू शकतात. तेथे नुकसानीचा एकमेव पुरावा बहुधा ती घटना पाहणाऱ्याचा शब्द हाच असतो.

यामुळे शिक्षेचा प्रश्न उपस्थित होतो. धक्का लागल्याचे कळविणाऱ्या चालकाचा परवाना रद्द होणार किंवा नोकरी जाणार असेल, तर पुढचा चालक गप्प बसण्याचाच संभव अधिक. यूरोपीय संघाने २०१४ मधील घटना-वृत्तांत विनियमाद्वारे प्रामाणिक चुकीची वर्दी देणाऱ्यास संरक्षण दिले. बेदरकारपणास व मुद्दाम केलेल्या नियमभंगास मात्र ते लागू नाही. या दोहोंतील सीमारेषा प्रत्यक्षात आखणे सोपे नसते. पण कंत्राटी कामगार ज्या ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो, त्याने ती मान्य केल्याखेरीज कायद्यातील संरक्षण ॲप्रनपर्यंत पोहोचत नाही, हे मान्य करावे लागेल.

उपाय : विमानतळाच्या आवारात गाडी चालविण्यासाठी स्वतंत्र परवाना, वाहनाची वेगळी नोंद व वेगमर्यादा ही व्यवस्था सर्वत्र आहे. सेवावाहने पिवळी व अग्निशामक वाहने तांबडी वा पिवळसर हिरवी असावीत, सेवावाहनांवर पिवळा व आणीबाणीच्या वाहनांवर निळा चमकदिवा असावा, असे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत. विमानाच्या धडावर लुकलुकणारा तांबडा दिवा इंजिन चालू असल्याचे किंवा लवकरच चालू होणार असल्याचे सांगतो. तो दिसताच चालकाने दूर थांबावयाचे असते. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१९ पासून भूसेवेतील कर्मचाऱ्यांची आकस्मिक श्वासचाचणी सुरू केली. दृश्यमानता घटली की ॲप्रनवरील अनावश्यक वाहने मागे घेतली जातात.

मनोऱ्यातील नियंत्रकास धुक्यात धावपट्टी दिसत नाही, म्हणून भूरडार निघाले. दिल्ली व मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर रडार, विमानांतील व वाहनांतील प्रेषक आणि अनेक ग्राहक केंद्रे यांच्या संकेतांवरून प्रत्येकाचे स्थान पडद्यावर दाखविणाऱ्या प्रणाली बसविल्या आहेत. यंत्र असणे आणि यंत्र चालू असणे यांत अंतर असते. इटलीतील मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी धुक्यात दोन विमानांची टक्कर होऊन ११८ माणसे दगावली, तेव्हा जुने भूरडार काढलेले होते व नवे अद्याप कार्यान्वित झाले नव्हते. अमेरिकेत वीस विमानतळांवर धावपट्टीत बसविलेले तांबडे दिवे नियंत्रकाची वाट न पाहता आपोआप लागतात. ओम्स्कसारख्या प्रसंगी नियंत्रकाची आठवण व दक्षता यांवरच सर्व काही अवलंबून राहू नये, हाच त्यांमागील विचार होय.

ॲप्रनवर उभ्या विमानाजवळ जाताना गाडीची गती आपोआप कमी करणारी व ठरावीक अंतरावर तिला थांबविणारी संवेदके अलीकडे पट्टावाहक, शिडीगाडी इत्यादींवर बसविली जात आहेत. अशी साधने जगातील तीन-चतुर्थांश वाहनांवर बसविल्यास हानीचा अपेक्षित खर्च दर फेरीमागे ४२ टक्क्यांनी घटेल, असे उपर्युक्त हवाई वाहतूक संघाचे अनुमान आहे. ही संवेदके उभ्या विमानाच्या अगदी जवळचे अंतर मोजतात. आडव्या मार्गाने येणाऱ्या विमानापासून टॅक्सी मार्ग ओलांडणाऱ्या टँकरला किंवा बसला वाचविणे हे त्यांचे काम नव्हे. तेथे चालकाने गाडी थांबवून, खिडकीच्या खांबाआडचे दिसेल अशा बेताने मान पुढे काढून, दोन्ही बाजूंस पाहणे हाच अजूनही मुख्य उपाय आहे.